ग्लायसिन पावडर: सात महिन्यांच्या वापरानंतर

मी ग्लायसिन (प्रथिनांमध्ये असणारं एक अमिनो आम्ल) सुरू केलं ते फक्त झोपेसाठी. अंथरुणाला पाठ टेकली तरी डोळा लागायला तास-दीड तास जायचा आणि सकाळी डोकं जड असायचं.

पावडर पांढरी, बारीक साखरेसारखी, आणि चवीलाही खरंच गोड. हे नावच ‘गोड’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलंय. १८२० साली हेन्री ब्राकोनो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने जिलेटिनपासून ती वेगळी केली, तेव्हा त्यालाही ती साखरच वाटली होती. कोमट पाण्यात दोनदा ढवळली की पाणी पुन्हा नितळ होतं.

पहिला आठवडा चमच्याच्या अंदाजाने घेतली आणि पोट ढवळायला लागलं. काट्यावर ठेवून बघितलं तर चमचाभर म्हणजे ५ ग्रॅम! झोपेवरच्या जपानी अभ्यासांत झोपण्यापूर्वी ३ ग्रॅम दिले होते. तेवढंच मोजून घ्यायला लागले आणि पोटाची तक्रार थांबली. ते अभ्यास मोजक्या लोकांवरचे आहेत, हेही लक्षात असू द्या.

फरक तिसऱ्या आठवड्यात जाणवला. गुंगी येत नाही, झोपेच्या गोळीसारखं काहीच होत नाही; फक्त कूस बदलत राहणं कमी झालं. हातापायांच्या त्वचेकडे रक्त जास्त वाहतं, शरीराच्या आतलं तापमान किंचित उतरतं आणि झोप लागायला मदत होते, असं यामागचं कारण मानलं जातं. मनाचे खेळ नकोत म्हणून चौथ्या महिन्यात दोन आठवडे पूर्ण बंद केली. पाचव्या-सहाव्या रात्रीपासून पुन्हा छताकडे बघत पडणं सुरू झालं. एकट्या माणसाचा हा अनुभव, पण माझ्यापुरता तो मला पटला.

डब्यावर मात्र सांधे, त्वचा, केस असं सगळंच लिहिलेलं. कोलॅजेन या सांध्या-त्वचेतल्या प्रथिनात साधारण तिसरा हिस्सा ग्लायसिनचा असतो हे खरं, पण खाल्लेलं ग्लायसिन थेट गुडघ्यात जाऊन बसत नाही. शरीर त्याला हवं तिकडे वळवतं, शिवाय थोडं स्वतःही बनवतं. माझा गुडघा जिना उतरताना आजही तसाच दुखतो. त्यासाठी कुणी घेणार असेल तर मी नकोच म्हणेन.

मानसिक आजाराची औषधं चालू असतील, विशेषतः क्लोझापिन, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका. गरोदरपणात किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तरीही आधी विचारा.

मोठ्या डब्यातली शेवटची पावडर दमटपणाने दगडासारखी झाली, सुरीने खरवडावी लागली. आता लहान डबा घेतलाय, चव न घातलेला.