कॅन्सरचे उपचार आणि नोकरी: काम चालू ठेवावं, तास कमी करावेत, रजा घ्यावी की राजीनामा द्यावा?

निदान झाल्यावर पहिल्याच आठवड्यात नोकरीचा निर्णय घेऊ नका. त्या आठवड्यात बायोप्सीचा पूर्ण रिपोर्ट आलेला नसतो, स्कॅन बाकी असतात, उपचारांच्या तारखा ठरलेल्या नसतात. तरीही नेमक्या त्याच वेळी काही जण राजीनामा लिहितात आणि काही जण एकही सुट्टी न घेण्याचा निश्चय करतात. उपचारांचं वेळापत्रक हाती आल्याशिवाय यातलं काय झेपेल हे कळत नाही. तोवर चार-आठ दिवसांची साधी रजा पुरते.

डॉक्टरांना “मी काम करू शकेन का?” असं विचारलं तर उत्तर येतं, “बघूया.” त्याऐवजी कामाचं वर्णन करा: किती तास उभं राहावं लागतं, किती वजन उचलावं लागतं, गाडी किंवा यंत्र चालवता का, दिवसभरात किती लोकांशी संपर्क येतो. मग विचारा: किती सायकल (एकदा औषध आणि मग विश्रांतीचे दिवस, अशी एक फेरी), किती दिवसांच्या अंतराने, प्रत्येक वेळी हॉस्पिटलात किती तास, आणि यातलं कोणतं काम किती दिवस बंद. उत्तरं तारखांसकट लिहून घ्या. पुढची तुलना त्या कागदावर उभी राहते.

उपचार कोणता, त्यावर बरंच ठरतं

केमोथेरपी चालू असताना ‘कमी तास’ हा पर्याय बहुतेक वेळा सगळ्यात चांगला चालतो, पण तास रोज सारखेच कमी करून नव्हे. तीन आठवड्यांची सायकल धरा. पहिला दिवस हॉस्पिटलात जातो. उलटी आणि ॲलर्जी टाळण्यासाठी अनेकदा स्टेरॉइड देतात, त्यामुळे पहिले एक-दोन दिवस उसनी ताकद असते. स्टेरॉइड थांबलं की तिसऱ्या ते पाचव्या दिवशी अंग एकदम गळून जातं. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून तिसऱ्या दिवशी महत्त्वाची मीटिंग ठेवणं ही नेहमी होणारी चूक आहे.

साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात. हा टप्पा फसवा आहे, कारण ताकद परत येत असते पण संसर्गाचा धोका सर्वाधिक असतो. घरून काम जमत असेल तर ते याच दिवसांसाठी मागा. ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट झाला तर काम तिथेच सोडून हॉस्पिटलला फोन करायचा. गोळी घेऊन शिफ्ट पूर्ण करायची नाही. तिसरा आठवडा सहसा सर्वात चांगला जातो. प्रवास, सादरीकरण, मोठं काम त्यात घ्या.

पहिल्या सायकलमध्ये रोज चार आकडे लिहा: ताकद, मळमळ, झोप, लक्ष, प्रत्येकी ० ते १०. दुसऱ्या सायकलचं वेळापत्रक त्यावरून बेता. शनिवार-रविवार सुट्टी असेल तर केमो बुधवारी किंवा गुरुवारी मिळेल का, हे विचारून बघा. बरेचसे वाईट दिवस सुट्टीत पडतात. मात्र थकवा साठत जातो. पहिल्या दोन सायकल झेपल्या म्हणून शेवटच्या दोनही तशाच झेपतील असं गृहीत धरून कुणाला शब्द देऊ नका.

रेडिएशनचं गणित उलटं आहे. बहुधा आठवड्यातून पाच दिवस, काही आठवडे जावं लागतं; मशीनखाली काही मिनिटंच जातात, वेळ खातो तो प्रवास. पहिले दोन आठवडे बरेच जण पूर्ण वेळ काम करतात. थकवा हळूहळू चढतो आणि शेवटी, किंवा उपचार संपल्यावरच्या एक-दोन आठवड्यांत, सर्वात जास्त असतो. म्हणून सुरुवातीलाच सगळी रजा संपवणं आणि शेवटच्या सेशनच्या दुसऱ्या दिवशी हजर होणं, दोन्ही टाळा.

ऑपरेशनला सलग रजाच हवी. पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर साधारण सहा आठवडे जड उचलायचं नसतं, त्यामुळे टेबलावरचं काम करणारा आणि गोदामात काम करणारा एकाच तारखेला परतू शकत नाहीत. स्तनाच्या कॅन्सरमध्ये हार्मोनच्या गोळ्या अनेकदा पाच ते दहा वर्षं चालतात. तिथे लांब रजा हा उपायच नव्हे, सांधेदुखी आणि मोडलेली झोप धरून कामाच्या वेळा बदलाव्या लागतात.

चार पर्याय शेजारी ठेवले तर

पूर्ण वेळ कामात पगार, ओळख आणि दिवसाची घडी टिकते. बैठं काम, लवचिक वेळ आणि समजूतदार साहेब असले तरच ते टिकाऊ आहे. त्रास लपवायची सवय लागते, हा इथला मोठा धोका. पॅक्लिटॅक्सेल किंवा ऑक्झॅलिप्लॅटिन या केमोच्या औषधांनी बोटं बधिर होऊ शकतात. ऑक्झॅलिप्लॅटिनवर काही दिवस गार वस्तूला हात लावला तरी झिणझिण्या येतात. बटणं लावताना किंवा टाइप करताना फरक जाणवला की लगेच सांगा. वेळीच सांगितलं तर डोस बदलता येतो, उशीर झाला तर बधिरपणा कायमचा राहू शकतो.

कमी तासांत पगार घटतो, पण वाट मोकळी राहते. इथे फसतं ते एका कारणाने: तास निम्मे होतात, काम तेवढंच राहतं. म्हणून तासांसोबत कोणती कामं दुसऱ्याकडे गेली हेही लेखी घ्या. आकडेमोडीत चुका, नावं विसरणं हे केमोत होतं. ज्या तासांत डोकं ताजं असतं तेव्हा ती कामं करा आणि दुसऱ्याकडून तपासून घ्या.

लांब रजा अवजड काम, सलग ऑपरेशन-केमो किंवा संसर्गाच्या जागी काम असणाऱ्यांसाठी योग्य. सगळी एकदम न घेता तुकड्यांत मिळते का ते बघा, आणि निदान दोन आठवडे शिल्लक ठेवा. पेशी कमी भरल्या म्हणून सायकल पुढे ढकलली जाणं ही रोजची गोष्ट आहे.

राजीनामा सगळ्यात शेवटी, कारण तोच एक पर्याय मागे घेता येत नाही. नोकरीसोबत बहुधा गटविमाही जातो, आणि निदानानंतर नवा विमा मिळणं फार कठीण असतं. आधी बिनपगारी रजा आणि कामात बदल मागून पाहा. पण आजार बरा होणारा नसेल आणि उरलेला वेळ दुसरीकडे द्यावासा वाटत असेल, तर हा पूर्ण शहाणपणाचा निर्णय आहे. विम्याचे आणि येणी असलेल्या पैशांचे कागद आधी पुरे करा, एवढंच.

कुणाला किती सांगायचं

साहेबांना आणि मनुष्यबळ विभागाला तारखा आणि कामावरचा परिणाम सांगा. स्टेज, रिपोर्ट सांगायची गरज नाही. बोलणं झाल्यावर ठरलेलं ईमेलने पाठवा. सहकाऱ्यांसाठी एक वाक्य तयार ठेवा: “उपचार चालू आहेत, अमुक महिन्यापर्यंत वेळ कमी देईन, काम असेल तर अमक्याला विचारा.”

परतताना

पहिल्या आठवड्यात तीन दिवस, रोज चार तास. पुढे तास वाढवा किंवा दिवस वाढवा, दोन्ही एकाच आठवड्यात नको. सलग दोन आठवडे सुट्टीचा पूर्ण दिवस झोपून काढावा लागला, तर एक पायरी खाली या. तपासणीच्या स्कॅनचा आठवडा हलका ठेवा. रिपोर्ट येईपर्यंत मन कामात लागत नाही, आणि त्या दिवसांत कुठलीही मोठी जबाबदारी स्वीकारू नका.