नवशिक्यांचा सर्फ कॅम्प: कमरेभर पाणी, मोठा बोर्ड आणि भरतीचं वेळापत्रक

सर्फ कॅम्पच्या जाहिरातीत एक फोटो हमखास असतो: उंच, काचेसारखी हिरवी लाट आणि तिच्यावर तिरका झुकलेला माणूस. नवशिक्याच्या वाट्याला ती लाट येत नाही, येऊही नये. आम्ही ज्या कॅम्पला राहून आलो त्यांनीही तोच फोटो लावला होता, आणि माझी पहिली तक्रार तीच आहे. प्रत्यक्षात त्यांनी शिकवलं ते फार चांगलं. मग कमरेभर पाण्यात, फेसाळ लाटेवर पहिल्यांदा उभं राहणाऱ्या माणसाचा फोटो लावायला काय हरकत होती? त्या चेहऱ्यावरचा आनंद बघून जास्त लोक आले असते.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. चाळिशी ओलांडली आहे, पोहता चांगलं येतं, बोर्डला मात्र कधी हात लावला नव्हता. सोबत नणंद आणि तिचा कॉलेजात जाणारा मुलगा. तिघांची वयं वेगळी, अंगातली ताकद वेगळी, भीती वेगळी. त्यामुळे ‘नवशिक्यांसाठी’ हा शब्द किती खरा आहे हे आम्हाला तीन बाजूंनी तपासता आलं.

माझ्या मते तो खरा ठरतो की नाही हे तंबू, गाद्या, दिव्यांच्या माळा यांच्यावर ठरत नाही. ते किनाऱ्याच्या तळावर ठरतं. लाट उथळ पाण्यात आली की तिचा खालचा भाग तळाशी अडतो, वरचा पुढे जातो आणि ती फुटते. साधारण लाटेच्या उंचीच्या सव्वा ते दीडपट खोली उरली की हे होतं. तळ हळूहळू चढत असेल तर लाट सावकाश कोसळते आणि पुढे लांबवर फेसाचा पट्टा ढकलत नेते. तळ एकदम चढत असेल तर ती उभी राहून धाडकन आपटते. खडक किंवा प्रवाळ असलेली जागा तर शिकणाऱ्यासाठी बादच. आमचा किनारा वाळूचा, उताराने मंद आणि रुंद होता. कितीतरी आत चालत गेलं तरी पाणी कमरेच्या वर येत नव्हतं. कॅम्पवाल्यांनी ही जागा निवडली यातच त्यांना शिकवण्याचं मर्म कळतं हे दिसलं.

दुसरी गोष्ट वेळापत्रकाची. घड्याळ लावून जगणाऱ्या माणसाला इथे सुरुवातीला अवघड जातं. दोन भरत्यांमध्ये साधारण बारा तास पंचवीस मिनिटांचं अंतर असतं, म्हणजे रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येते. वर्गाची वेळही तशीच सरकत जाते. रात्री फळ्यावर उद्याची वेळ लिहिली जायची आणि तीच अंतिम. शक्यतो सकाळचं सत्र धरतात, त्याला वाऱ्याचंही कारण आहे. शाळेत पाठ केलेले मतलई वारे आणि खारे वारे इथे अंगावर कळतात. पहाटे वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, लाटेचं तोंड सावरून धरतो, पाणी गुळगुळीत राहतं. ऊन चढलं की समुद्रावरून वारा सुटतो आणि पाण्याचा पृष्ठभाग विस्कटतो. माझ्या नणंदेला सकाळी उठायचा कंटाळा. एकदा तिने दुपारच्या पाण्यात बोर्ड नेला आणि त्यानंतर ती सगळ्यांच्या आधी उठायला लागली.

आता बोर्ड. नवशिक्याला फोमचा बोर्ड द्यायला हवा, वरून मऊ आणि आठ-नऊ फूट लांब. लांब-रुंद बोर्ड पाण्यावर जास्त तरंगतो, डगमगतो कमी, आणि डोक्यावर आदळला तरी कडक फायबरग्लासच्या बोर्डइतकी इजा करत नाही. भाच्याला पहिल्याच दिवशी छोटा, टोकदार बोर्ड हवा होता. आमच्या प्रशिक्षक मुलीने त्याला समजावलं, “लहान बोर्ड दिसायला छान आहे, पण तो तुझं वजन उचलणार नाही आणि तू दिवसभर पडत राहशील.” त्याने ऐकलं. बोर्डची दोरी मागच्या पायाच्या घोट्याला बांधतात. ती रूढ झाली १९७० च्या दशकात. त्याआधी पडलं की बोर्डमागे थेट किनाऱ्यापर्यंत पोहावं लागे. दोरी असली तरी बोर्ड आपण आणि येणारी लाट यांच्या मध्ये आडवा धरायचा नाही, हे तिने इतक्या वेळा सांगितलं की आता झोपेतही आठवेल. लाट तो बोर्ड सरळ तोंडावर आणते.

पाण्यात जाण्याआधी वाळूवरचा सराव. इथे माझं व्यवसायाचं डोकं जागं झालं. पोटावर झोपून तळहात बरगड्यांपाशी, छाती वर, मग एका झटक्यात दोन्ही पाय खाली आणून उभं राहायचं. याला सगळे ‘पॉप-अप’च म्हणतात. बहुतेक जण आधी गुडघा टेकतात. ती सवय लागली की सुटत नाही, कारण गुडघ्यावर तोल सापडतो आणि मग उठायचं धाडस होत नाही. आमच्या प्रशिक्षकाने मात्र माझ्या नणंदेला, तिचे गुडघे दुखरे आहेत हे विचारून घेतल्यावर, टप्प्याटप्प्याने उठायची वेगळी रीत शिकवली: आधी मागचा पाय, मग पुढचा. सगळ्यांना एकाच साच्यातून न काढणारा शिक्षक मला फार महत्त्वाचा वाटतो. कुठला पाय पुढे हेही तिने प्रत्येकाचं पाहिलं. डावा पुढे तो ‘रेग्युलर’, उजवा पुढे तो ‘गूफी’. यात चूक-बरोबर काही नाही.

नजर कुठे ठेवायची याला तर वेगळा वेळ दिला. पायांकडे पाहिलं की माणूस पुढे वाकतो, वजन बोर्डच्या नाकावर जातं आणि नाक पाण्यात घुसतं. नजर किनाऱ्यावर, गुडघे वाकलेले, कंबर ताठ नको. भाचा मला ओरडून सांगायचा, “मामी, खाली नको बघू, झाड बघ!” किनाऱ्यावर एक उंच झाड होतं, तेच आमचं लक्ष्य.

पण खरी मेहनत उभं राहण्यात नाही, हात मारण्यात आहे. स्पर्धेत उतरणाऱ्या सर्फरांच्या वेळेचं मोजमाप झालेलं आहे: पाण्यातला जवळपास निम्मा वेळ हाताने वल्हवण्यात जातो आणि प्रत्यक्ष लाटेवर स्वार असण्याचा वेळ दहा टक्क्यांच्याही आत राहतो. नवशिक्याला फेसाच्या लाटेत शिक्षक ढकलून देतो, म्हणून सुरुवातीला हे जाणवत नाही; स्वतःची लाट स्वतः पकडायची वेळ आली की खांदे बोलू लागतात. जायच्या काही आठवडे आधीपासून पोहणं, दंड काढणं आणि खांद्याच्या मागच्या स्नायूंचे व्यायाम सुरू करा. बरगड्या बोर्डवर घासून हुळहुळतात, तेही धरून चाला. लांब बाह्यांचा, अंगाला घट्ट बसणारा सर्फिंगचा टी-शर्ट घालाच. तो उन्हापासून वाचवतो आणि पोट-छातीची साल निघू देत नाही.

इथे एक गोष्ट मला ठासून सांगायची आहे, कारण कॅम्पच्या माहितीपत्रकात ती नव्हती. ‘सर्फर्स मायलोपथी’ नावाचा मज्जारज्जूचा एक विकार आहे. २००४ साली वैद्यकीय नियतकालिकात त्याचं पहिलं वर्णन आलं. तो दुर्मीळ आहे, पण होतो तो मुख्यतः पहिल्यांदाच सर्फिंग करणाऱ्या, एरवी धडधाकट तरुणांना. बराच वेळ पोटावर झोपून पाठ मागे वाकवून ठेवल्याने मज्जारज्जूचा रक्तपुरवठा कमी पडतो, असं त्याचं कारण मानलं जातं. कुठे आपटलेलं नसताना पाठीत अचानक दुखू लागलं, पायांत मुंग्या आल्या, पाय जड झाले, लघवीला होईना, तर ताबडतोब पाण्याबाहेर या आणि थेट रुग्णालय गाठा. ‘स्नायू आखडला असेल’ म्हणून पुन्हा बोर्डवर झोपू नका. लाटेची वाट पाहताना बोर्डवर उठून बसा, पाठीला विसावा द्या. मी हे आमच्या प्रशिक्षकाला सांगितलं. तिने दुसऱ्या सकाळी सगळ्या गटासमोर ते मांडलं आणि दर थोड्या वेळाने सगळ्यांना बसवू लागली. त्यासाठी तिला माझ्याकडून पैकीच्या पैकी.

सुरक्षेचा धडा मात्र त्यांनी आपणहून आणि सर्वांत आधी घेतला. समुद्राकडे पाठ करायची नाही. पडायचं ते बाजूला किंवा मागे, अंग पसरून, सूर मारून कधीच नाही; पाणी दिसतं त्यापेक्षा उथळ असतं. वर येताना दोन्ही हात डोक्याभोवती. आणि मग समुद्राकडे ओढून नेणारा प्रवाह, ज्याला तिथे सगळे ‘रिप’ म्हणत. किनाऱ्याकडे ढकललेलं पाणी वाळूच्या उंचवट्यांमधल्या खोल चरातून परत जातं. त्या जागी लाटा कमी फुटतात, पाणी गडद आणि शांत दिसतं, आणि नवख्याला नेमकी तीच जागा सुरक्षित वाटते. जोरात असला तर हा प्रवाह सेकंदाला दोन मीटरच्याही वर जातो. त्याच्याविरुद्ध पोहून कुणी जिंकत नाही. बोर्ड सोडायचा नाही, त्याच्यावर तरंगायचं, हात वर करून मदत मागायची, आणि निघायचंच असेल तर किनाऱ्याला समांतर सरकत प्रवाहाबाहेर पडायचं. आम्हाला वाळूच्या टेकाडावर उभं करून “आता तुम्ही दाखवा रिप कुठे आहे” असं विचारलं गेलं. बहुतेकांनी बोट दाखवलं ते चुकीच्या जागी. हा एक तास बाकी सगळ्या तासांपेक्षा मोलाचा होता.

आठ शिकाऊंमागे एक प्रशिक्षक, असा त्यांचा नियम. तो त्यांनी पाळला.

पहिल्यांदा उभं राहिल्यावर काय होतं? आवाज बदलतो. पोटावर असताना कानात नुसता फेसाचा खळखळाट असतो. उभं राहिलं की तो खाली राहतो आणि बोर्ड पाणी कापत गेल्याची सळसळ ऐकू येते. माझी नणंद त्या लाटेनंतर पाण्यातच उभी राहून रडली, आणि मला तिचं फार कौतुक वाटलं.

राहण्याची सोय ठीक. तंबू वाळूतल्या वेली-गवताच्या पट्ट्यापासून दूर लावले होते, हे योग्य, कारण तीच झुडपं वाळू धरून ठेवतात. वाळलेल्या शेवाळाची रेघ म्हणजे भरतीची खूण. तंबू तिच्या बरेच वर हवेत. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं तेव्हा आणखी वर. आमच्या मुक्कामात पौर्णिमा होती आणि त्यांनी आधीच सगळी रांग मागे घेतली. वाळूत साध्या खुंट्या टिकत नाहीत, म्हणून पिशव्यांत वाळू भरून, दोर बांधून त्या पुरल्या होत्या. वाऱ्याच्या रात्रीही तंबू हलला नाही. पहाटे तंबूच्या आतून मात्र थेंब गळायचे. श्वासाची वाफ थंड कापडावर जमते, म्हणून वरची झडप थोडी उघडी ठेवून झोपा, ओले कपडे आत आणू नका.

कमी कुठे पडले? वेटसूटमध्ये. हा सूट अंग आणि कापड यांच्यात पाण्याचा पातळ थर अडकवतो, शरीर तो थर गरम करतं, आणि मग थंडी वाजत नाही. त्यासाठी तो घट्टच हवा. मला एक माप मोठा मिळाला. प्रत्येक लाटेला मानेतून ताजं गार पाणी आत आणि जुनं बाहेर. सत्र संपेपर्यंत दात वाजत होते. मधली मापं कमी आहेत हे त्यांनी नोंदणीच्या वेळी सांगायला हवं होतं. गोड्या पाण्याची न्हाणीघरंही माणसांच्या मानाने कमी, त्यामुळे सत्र संपल्यावर रांग लागायची, आणि अंगावर मीठ वाळत असताना रांगेत उभं राहणं त्रासाचं होतं.

पाण्याला घाबरणाऱ्याने आधी पोहायला शिकावं आणि मग जावं. दोरी आणि बोर्ड ही पोहण्याची जागा घेत नाहीत. खांदा निखळण्याचा इतिहास असेल, कमरेची गादी सरकलेली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाव नोंदवू नका. बाकी कुठल्याही वयाच्या माणसाला मी हा कॅम्प सुचवेन. नोंदणीच्या फोनवर तळ वाळूचा आहे का, एका प्रशिक्षकामागे किती जण, बोर्ड फोमचे आहेत का, तुमच्या मापाचा सूट आहे का, एवढं विचाराच. आणि समुद्र खवळलेला असेल त्या दिवशी काय करता, हेही विचारा. आम्हाला उत्तर मिळालं होतं, “त्या दिवशी पाण्यात उतरत नाही, वाळूवर सराव घेतो.” एका सकाळी तसंच झालं, आणि कुणी कुरकुर केली तरी त्यांनी कुणालाही पाण्यात सोडलं नाही.