लोखंडी डेझर्ट कूलर: पंख्याआधी टाकीचं बूच बघा

विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात लोखंडी पत्र्याचा डेझर्ट कूलर अजूनही उजवाच. हवा जोरदार, दुरुस्ती गल्लीतच होते, वीज एसीपेक्षा फार कमी लागते. पण घरात कुणाला रेंगाळलेला कोरडा खोकला किंवा दम असेल, तर पंख्याच्या आकाराआधी टाकी आणि ताट्या (ज्यांवर पाणी झिरपतं ते बाजूंचे पॅड) पाहाव्यात.

ओल्या ताट्यांवर बुरशी आणि जिवाणू वाढतात, आणि त्यांचे अतिसूक्ष्म कण पंखा थेट खोलीत फेकतो. काहींच्या फुप्फुसांत त्यामुळे हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस होतो, म्हणजे श्वासातून गेलेल्या कणांच्या ॲलर्जीने फुप्फुसांना सूज येते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, फुप्फुसांच्या इंटरस्टिशियल आजारांच्या (हवेच्या पिशव्यांभोवतीच्या पातळ पडद्याला सूज किंवा व्रण आणणाऱ्या आजारांच्या) भारतीय नोंदणीत १,०८४ रुग्ण होते. त्यांतल्या सुमारे ४७ टक्क्यांना हाच आजार होता, आणि त्यांपैकी जवळपास निम्म्यांचा कूलरशी संपर्क होता.

बूच टाकीच्या अगदी तळाला हवं. ते बाजूला, बोटभर वर असलं की पाणी सोडूनही थोडं साचतंच आणि तिथे बुळबुळीत थर धरतो. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून ब्रशने घासायची आणि कोरडी होऊ द्यायची. डेंग्यूच्या डासांचाही बंदोबस्त त्यातच होतो.

गवताच्या ताट्या स्वस्त, म्हणून दर मोसमात नव्याच घालाव्यात. मार्चमध्ये गेल्या वर्षीच्याच ताट्यांवर कूलर सुरू करणं ही सगळ्यात वाईट सवय. जुन्या ताट्या काढण्याआधी पाणी मारून भिजवा, एन-९५ मास्क लावा, काम अंगणात करा. दम असलेल्या माणसाने ते करूच नये. मधाच्या पोळ्यासारख्या भोकांचे हनीकोंब पॅड महाग, पण धुऊन पुन्हा वापरता येतात. मात्र बोअरच्या जड पाण्याने त्यांच्या भोकांत क्षार बसतात, मग पॅड काही ठिकाणी कोरडंच राहतं आणि गारवा कमी होतो.

कूलर खिडकीबाहेर ठेवा, समोरचं दार उघडं असू द्या. नाहीतर दमट हवा कोंडून भिंतींनाही बुरशी येते. बंद करताना आधी पंप थांबवा, आणि ताट्या वाळेपर्यंत पंखा चालू ठेवा.

कूलरसमोर झोपल्यावर काही तासांनी ताप, थंडी, खोकला येत असेल आणि गावाला गेल्यावर बरं वाटत असेल, तर छातीच्या डॉक्टरांना कूलरचं आवर्जून सांगा. नुसत्या एक्स-रेवर हा आजार टीबी समजला जाऊ शकतो. निदान पक्कं झालेल्यांच्या घरात मात्र कोणताही कूलर नको, कितीही स्वच्छ ठेवला तरी. फुप्फुसांत एकदा व्रण धरले की ते भरून येत नाहीत.