आउटबोर्डचं लोअर युनिट शहरात कामाला देताय? माझे ६१,५०० गेले, आधी हे वाचा

जुन्या आउटबोर्डचा, म्हणजे होडीच्या मागे लावायच्या इंजिनचा, खालचा गिअरबॉक्स (लोअर युनिट) ज्यांना दुरुस्त करून घ्यायचाय त्यांनी हे पूर्ण वाचा. ज्या मेकॅनिकने मला फसवलं त्याचं नाव लिहीत नाही कारण तक्रार चालू आहे आणि वकिलाने नाव कुठेही टाकू नको म्हणून बजावलंय, पण आकडे आणि पद्धत सगळी लिहितो. ६१,५०० रुपये घेतले आणि आत एकही पार्ट नवीन नाही.

मशीन यामाहा एन्ड्युरो, ४० हॉर्सपॉवरची टू-स्ट्रोक, जुनी पण वरचं इंजिन अजून एका दोरीत चालू होतं. त्रास एकच होता, फॉरवर्ड गिअर सुटायचा. लोड आला की खडाक् आवाज, इंजिन नुसतं बोंबलतंय आणि होडी जागेवर. क्लच डॉगचे, म्हणजे गिअरमध्ये अडकून शाफ्ट फिरवणाऱ्या दातेरी तुकड्याचे, कोपरे झिजून गोल झाले की हेच होतं, डॉग गिअरच्या खाचेत धरत नाही, घसरून बाहेर येतो. बाकी गिअरबॉक्स ठणठणीत होता आणि हे मी आज नाही, तेव्हाही सांगत होतो. पाठवण्याआधी मी स्वतः तेल काढलं होतं, काळपट होतं पण दुधाळ अजिबात नाही, म्हणजे आत पाणी नव्हतं. खालच्या स्क्रूच्या चुंबकाला राखेसारखी बारीक भुकटी होती, दाताचा तुकडा नव्हता.

आमच्याकडचा नेहमीचा मेकॅनिक तेव्हा बाहेरगावी होता. ३१ जुलैला मासेमारीची बंदी संपते, नारळी पौर्णिमा झाली की ज्याची त्याची होडी पाण्यात, आणि माझी किनाऱ्यावर उपडी. ओळखीच्या एकाने या माणसाचा नंबर दिला, आउटबोर्ड स्पेशालिस्ट, शहरात मोठा गाळा, सगळ्या कंपन्यांचे बोर्ड लावलेले. लोअर युनिट सोडवून बसने पार्सल केलं, जाऊन येऊन भाडंच १,८०० झालं.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन. "दादा, तुमचं सगळंच गेलंय, पाणी शिरलंय, पिनियनचे दात उडालेत." आणि व्हॉट्सअॅपवर फोटो. ट्रेमध्ये दुधाळ चहासारखं तेल, गंजलेल्या बेअरिंगा, दात तुटलेला पिनियन (इंजिनच्या उभ्या शाफ्टचा छोटा गिअर), मागे उघडा गिअरकेस.

त्या फोटोत सगळं होतं. माझ्या गिअरकेसची पंख्याखालची फिन २०१९ ला खडकावर बसून तुटली होती, ती मी आर्गन वेल्डिंग करून घेतली होती, तिथे बोटभर जाड वेल्डची रेघ आहे, रंगाखालूनही दिसते. फोटोतली फिन अख्खी होती, सरळ, गुळगुळीत, एक ओरखडा नाही. तो माझा गिअरबॉक्स नव्हताच. कुठल्यातरी भंगारातल्या युनिटचा फोटो, बहुतेक प्रत्येकाला हाच पाठवत असणार. मी तो फोटो पाहिला, मोठा करून पाहिला, पण तुटलेला दात दाखवला की माणूस तुटलेला दातच बघतो, मागची फिन कोण बघतं? भर दुपारी जेटीवर उभं राहून, उन्हात मोबाईलच्या काचेवर काय दिसणार होतं? आणि आदल्याच दिवशी मी काढलेल्या तेलात पाणी नव्हतं हे सांगितल्यावर तो म्हणाला, पाणी तळाला जाऊन बसतं, तुम्ही वरचंच काढलं असेल. खालचा स्क्रू उघडला की तळाचंच आधी बाहेर येतं हे मला माहीत आहे! पण समोरचा इतक्या खात्रीने बोलतो, दिवसाला दहा मशीन उघडणारा माणूस, आपण तरी किती भांडणार. आजही तो फोटो उघडला की डोकं फिरतं.

त्याने दिलेला हिशोब जसाच्या तसा: पिनियन, फॉरवर्ड आणि रिव्हर्स गिअरचा सेट ३१,०००, क्लच डॉग ६,५००, प्रॉपेलर शाफ्ट ९,०००, बेअरिंग आणि सील ७,५००, इंपेलर (थंड पाण्याच्या पंपाचा रबरी पंखा) किट ३,०००, मजुरी ४,५००. एकूण ६१,५००. हे सगळं वहीच्या कागदावर, ना शिक्का ना जीएसटी नंबर. पक्कं बिल मागितलं तर १८ टक्के वर पडतील म्हणाला. २५,००० अॅडव्हान्स त्याच्या खात्यावर, नंतर २०,००० "भाच्याच्या नंबरवर टाका, माझं लिमिट संपलंय" म्हणून वेगळ्याच नावावर, उरलेले १६,५०० माल घ्यायला गेलेल्या माझ्या चुलतभावाकडून रोख. तीन ठिकाणी पैसे का फोडले ते मला पोलिसांसमोर कळलं. कुणी दुसऱ्याच्या खात्यावर टाका म्हटलं की तिथेच थांबा, पुढचं काही ऐकू नका.

जुने पार्ट मागितले होते. "भंगारवाला सकाळीच घेऊन गेला." ३१,००० चे गिअर बदलल्यावर जुने दाखवायला दोन दिवस ठेवत नाही असा मेकॅनिक असतो का? जुना माल परत मिळाल्याशिवाय उरलेले पैसे देऊ नका आणि नव्या पार्टची पाकिटं मागा, पार्ट नंबर छापलेली.

युनिट आलं ते नव्यासारखं रंगवून. तेलाच्या दोन्ही स्क्रूंवर त्याने लाल लाखेसारखं काहीतरी फासलं होतं आणि बजावलं, सहा महिने तेल बघायचं नाही, सील तुटलं तर गॅरंटी गेली. आणि हे उलटं आहे. नवीन गिअर बसवले की तेल लवकर बदलायचं असतं, पहिल्या १०-२० तासांतच, कारण नवे दात एकमेकांत बसताना कीस पडतो. गॅरंटीच्या नावाखाली तेल बघू नको म्हणणारा माणूस आत काहीतरी लपवतोय असंच धरा.

थोडे दिवस गिअर धरला. मग एका संध्याकाळी जाळं उचलून परतताना, वारा वाढलेला, बंदराच्या तोंडाशी पुन्हा खडाक् आणि गिअर सुटला तो धरेचना. लाटा आम्हाला खडकाकडे ढकलत होत्या आणि पोरगा वल्ह्याने होडी लांब ठेवत होता. शेजारच्या गावची एक होडी आली, त्यांनी दोरी टाकली म्हणून आम्ही आज आहोत. पैशापेक्षा मला याचा राग जास्त आहे. समुद्रात जाणाऱ्या मशीनशी असला खेळ करणाऱ्याला माणूस तरी का म्हणायचं?

तोपर्यंत आमचा मेकॅनिक परत आला होता. त्याने लाख खरवडून स्क्रू काढला तर थेंबसुद्धा पडला नाही. आत तेलाऐवजी चाकाचं ग्रीस कोंबलेलं, म्हणजे आवाज दबतो आणि सील गळतंय हे कळत नाही. गिअर माझेच जुने. क्लच डॉग माझाच, कोपरे ग्राइंडरवर घासून धारदार केलेले, फॉरवर्ड गिअरच्या खाचाही तशाच. वरचा कडक थर घासून गेल्यावर आतलं मऊ लोखंड किती टिकणार? ९,००० चा "नवीन" शाफ्ट पण जुनाच, सीलच्या जागी नख अडकेल अशी खाच, त्यावर सिलिकॉन फासलेलं. इंपेलरची पाती एका बाजूला वाकून कडक झालेली.

आता खरा हिशोब बघा. क्लच डॉग ५,८००, सील १,९००, इंपेलर १,२००, मजुरी २,५००. मूळ काम ११,४०० चं होतं. त्याने फॉरवर्ड गिअर घासून वाया घालवला म्हणून तो १२,८०० चा वेगळा घ्यावा लागला, म्हणजे २४,२००. शाफ्ट तोच ठेवून सील थोडं आत सरकवून बसवलं. यावेळी सगळं माझ्यासमोर, आणि तेल भरण्याआधी प्रेशर टेस्ट. वरच्या स्क्रूच्या भोकातून १०-१२ पीएसआय हवा भरायची, पाच मिनिटं काटा हलता कामा नये, सीलवर साबणाचं पाणी टाकलं की बुडबुडा येतो का दिसतं. कुणालाही काम द्या, ही टेस्ट समोर करून घ्या.

आता पोलिसांचं ऐका. आमच्याकडच्या ठाण्यात सांगितलं, व्यवहार शहरात झाला, तिकडे जा. तिकडे गेलो तर म्हणे हा दिवाणी मामला, माल तुमच्या ताब्यात मिळालाय ना, मग फसवणूक कसली? दुसऱ्याच्या गिअरबॉक्सचा फोटो पाठवून पैसे काढले ही फसवणूक नाही तर काय? फिनवरचं वेल्डिंग दाखवलं, २०१९ चे फोटो दाखवले. साहेबांनी फोटो न बघताच विचारलं, गिअर जुने आहेत याला तज्ज्ञाचा दाखला आहे का. हा दाखला कोण देतो ते विचारलं तर ते आम्ही कसं सांगणार! भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं ३१८ कलम वकिलाने कागदावर लिहून दिलं होतं, तो कागद हातातसुद्धा घेतला नाही, साधा अर्ज ठेवून घेतला आणि पोच देण्यासाठी दिवसभर बसवलं. बँक म्हणते पैसे तुम्ही स्वतःच्या मर्जीने पाठवलेत. एका सरकारी कार्यालयात तर ऐकून घेतलं की तुमची होडी धंद्याची, तुम्ही ग्राहकच नाही. आम्ही सकाळी चारला उठून जातो ते काय हौस म्हणून? आणि तो मात्र गाळा उघडून बसलाय, रोज नवीन पार्सल घेतोय, त्याला कुणी एक फोन केला नाही.

ते "ग्राहक नाही" साफ चूक आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यावसायिक वापरात धरत नाहीत. तक्रारीत 'स्वयंरोजगार' हा शब्द लिहाच. तक्रार स्वतःच्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, मुदत दोन वर्षं, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन केला तर नोंद होते. मी जिल्हा आयोगात अर्ज केलाय, आमच्या मेकॅनिकने प्रतिज्ञापत्र दिलंय, घासलेला गिअर आणि डॉग पिशवीत बांधून ठेवलेत.

मशीन देण्याआधी गिअरकेसच्या आत, शाफ्टवर, गिअरच्या पाठीला पंचने खूण करा. पंख्यामागे अडकलेली तंगूस (नायलॉनची मासेमारीची दोरी) दर आठवड्याला काढा, सील तीच कापते.

ज्यांनी गेल्या वर्षभरात शहरात लोअर युनिटचं काम केलंय आणि स्क्रूवर लाल लाख आहे, त्यांनी आजच दोन्ही स्क्रू उघडा. तेल वाहत बाहेर आलं नाही तर ती होडी पाण्यात घालू नका, काडीवर ग्रीस घेऊन फोटो काढा आणि मला पाठवा, म्हणजे आयोगात माझ्या एकट्याची नाही, सगळ्यांची तक्रार उभी राहील.