पॉन्टिॲक : जीटीओपासून जी८पर्यंत

जनरल मोटर्सने १९२६ साली बाजारात आणलेल्या पॉन्टिॲक या मोटारींच्या नाममुद्रेचे मूल्यमापन करताना १९६४ च्या जीटीओपासूनच सुरुवात करायला हवी. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठे इंजिन बसवू नये, असा कंपनीचा दंडक असतानाही पॉन्टिॲकचे मुख्य अभियंता जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेम्पेस्ट ल माँ या बेताच्या गाडीसाठी ३८९ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे, ३२५ अश्वशक्तीचे इंजिन ‘जीटीओ’ या ऐच्छिक संचातून उपलब्ध करून दिले आणि नियमाला वळसा घातला. साध्या नोकरदार तरुणाच्या आवाक्यात एवढी ताकद आणणे, हेच या नाममुद्रेचे खरे कर्तृत्व होय. त्या वेगाला ड्रम ब्रेक अपुरे पडत, हा दोष मात्र गंभीर होता.

सत्तरच्या दशकात प्रदूषणाचे नियम, विम्याचे वाढते हप्ते आणि तेलटंचाई यांनी अशा गाड्यांचा दम काढला. पण मला त्याहून घातक वाटते ते जनरल मोटर्सच्याच शेव्हरोले या दुसऱ्या नाममुद्रेच्या गाड्यांवर वेगळे नाव लावून विकण्याचे धोरण. १९८४ ची पॉन्टिॲक फिएरो, इंजिन मध्यभागी असलेली, धाडसी कल्पना होती. १९८८ मध्ये तिचे सस्पेन्शन मनासारखे सुधारले आणि त्याच वर्षी तिचे उत्पादन थांबवले गेले. पुढे आलेल्या पॉन्टिॲक अॅझ्टेक या गाडीच्या बेढब रूपाविषयी न लिहिलेले बरे.

ऑस्ट्रेलियात जनरल मोटर्सच्याच होल्डन कंपनीने बनवलेली, मागच्या चाकांना शक्ती देणारी व्ही-८ इंजिनाची जी८ जीटी ही मात्र अस्सल पॉन्टिॲक होती. अशी गाडी हाती असताना एप्रिल २००९ मध्ये कंपनीने पॉन्टिॲक बंद करण्याचे जाहीर केले, याचे मला आजही अतोनात वाईट वाटते.