घाटात गाडी तापली की ‘हेड गॅस्केट उडालं’ सांगणाऱ्यांपासून सावध राहा

हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधली सील) किट 4,200. हेड फेसिंग, म्हणजे हेडचा तळ घासून सपाट करणं, 2,500. रेडिएटर नवा 5,800. वॉटर पंप 2,350. कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) 1,500. मजुरी 6,500. वर ‘गाडी ओढून आणली’ म्हणून 1,000. एकूण 23,850 रुपये, वहीच्या फाडलेल्या पानावर, ना शिक्का ना सही. बिघडला होता फक्त रेडिएटर फॅनचा रिले, म्हणजे फॅन चालू करणारा छोटा विजेचा स्विच. दुकानात तो नवा 240 रुपयांना मिळाला.

मे महिना, पुणे-सातारा रस्त्यावरच्या खंबाटकी घाटाचा चढ, पुढे ट्रकची रांग, एसी चालू, गाडीत पाच माणसं आणि सामान. तापमानाचा काटा लालवर गेला, कूलंटच्या रिझर्व्ह टाकीतून वाफ आली. गाडी कडेला घेतली तोच बाइकवाला हजर. ‘साहेब, हेड उडालंय, पुढे भाऊचं गॅरेज आहे, ओढून नेतो.’ ही माणसं कशी टिपून असतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण मागच्या सीटवर सत्तरीचे आईवडील, अंधार पडत आलेला, बाजूने कंटेनर घासून जाताहेत. तिथे उभं राहून दुसरं मत कोण घेणार? ज्यांना हा मूर्खपणा वाटतो त्यांनी एकदा त्या जागी उभं राहून बघावं.

खरा राग येतो तो गॅरेजमधल्या त्या दोन मिनिटांचा. गॅरेजवाल्याने इंजिन चालू ठेवलं, फडकं धरून रेडिएटरचं झाकण सैल करत करत काढलं आणि टॉर्च मारून दाखवलं, ‘बघा, बुडबुडे. कॉम्प्रेशन पाण्यात येतंय.’ म्हणजे सिलिंडरमधला वायू फाटक्या गॅस्केटमधून कूलंटमध्ये शिरतोय. बुडबुडे येत होते हे खरं. ते येणारच! रेडिएटरचं झाकण साधारण 0.9 ते 1.1 बार दाब धरून ठेवतं. त्या दाबाखाली कूलंट 120 अंशांच्या वर जाईपर्यंत उकळत नाही. तापलेल्या इंजिनचं झाकण काढलं की दाब जातो आणि धडधाकट गाडीचं पाणीही खदखदायला लागतं. आणि त्याच वेळी, त्याच टॉर्चच्या उजेडात, रेडिएटरमागचा फॅन ढिम्म उभा होता. पाणी उकळतंय, इंजिन चालू आहे आणि फॅनचं पातं हलत नाही. निदान तिथेच झालं होतं. डोळ्यांसमोर होतं, आणि सगळ्यांच्या नजरा त्याने बुडबुड्यांवर खिळवून ठेवल्या होत्या.

हेड गॅस्केट खरंच गेलं असेल तर त्याची परीक्षा थंड इंजिनवर होते. थंड असताना झाकण काढा, मग स्टार्ट करा. पहिल्या मिनिटापासून न थांबणारे बुडबुडे आले, किंवा झाकण बंद ठेवून स्टार्ट केल्याबरोबर रेडिएटरचा वरचा रबरी होज पाइप दगडासारखा कडक झाला, तर शंका घ्यायला जागा आहे. सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर, बाहेर गळती नसताना कमी होणारं कूलंट, इंजिन ऑइल मोजायच्या पट्टीवर दुधाळ ऑइल, ही बाकीची लक्षणं. पट्टीवर बघा, ऑइलच्या झाकणाखाली नाही. झाकणाखाली पिवळसर साय पावसाळ्यात, जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत नुसत्या दमटपणानेही धरते, आणि हे लोक नेमकं तेच बोटावर घेऊन दाखवतात. पक्की खात्री हवी तर निळ्या द्रावणाची चाचणी असते. रेडिएटरमधली हवा त्यातून ओढतात, जळका वायू असेल तर निळा रंग पिवळा होतो.

आमच्या गाडीत यातलं एकही लक्षण नव्हतं. सायलेन्सर कोरडा, पट्टीवर ऑइल स्वच्छ.

‘तुम्ही जेवून घ्या, तोवर होतं.’ जेवून येईपर्यंत हेड उतरवून, फेसिंग करून, बसवून तयार! ज्यांना काम माहीत आहे त्यांना सांगायला नको. मॅनिफोल्ड (हेडला नटांनी जोडलेले हवेचे आणि धुराचे पाइप) सोडायचे, टायमिंगचा बेल्ट किंवा चेन सोडायची, हेड लेथवाल्याकडे न्यायचं, बोल्ट क्रमाने आणि ठरलेल्या जोराने (टॉर्कने) आवळायचे, कूलंटमधली एअर काढायची. एक दिवस तरी जातोच. रात्री साडेआठला कुठलं लेथ वर्कशॉप उघडं होतं ते त्यानेच सांगावं. पण विचारल्यावर आवाज चढला, दोघंजण दारात येऊन उभे राहिले, चावी त्यांच्या खिशात. पैसे क्यूआर कोडवर भरले, आणि स्क्रीनवर नाव आलं तिसऱ्याच माणसाचं.

पुण्यात नेहमीच्या मिस्त्रीने बोनेट उघडलं आणि हसलाच नाही, गप्प झाला. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या नटांवर गंजाची खपली जशीच्या तशी. त्यांना पाना लागलेलाच नव्हता, मग हेड उतरलं कसं? ‘नवा’ रेडिएटर म्हणजे जुन्यावरच काळ्या स्प्रेचा हात, फिन्समध्ये अडकलेले किडेही रंगलेले. वॉटर पंप जुनाच. कूलंट म्हणजे हिरवा रंग घातलेलं पाणी. आणि फॅनच्या कपलरजवळ (वायर जोडायच्या प्लगजवळ) वायर सोलून टेप गुंडाळलेली, फॅन इग्निशनवरून डायरेक्ट केलेला, मध्ये फ्यूजही नाही. एवढ्यावरच गाडी घरापर्यंत आली. शॉर्ट झालं असतं तर वायरिंगने पेट घेतला असता, आईवडील आत असताना.

पोलिसांकडे गेलो तर, ‘गाडी चालू आहे ना? मग तक्रार कसली? हे दिवाणी प्रकरण.’ मग हद्दीचा प्रश्न निघाला. पुण्यातले म्हणतात तिकडे जा, तिकडचे म्हणतात पैसे पुण्याच्या खात्यातून गेले, तिथे द्या. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्दीचा मुद्दा न काढता घ्यायची असते. हे दाखवल्यावर ‘कायदा आम्हाला शिकवू नका’. शेवटी एका कागदावर अर्ज घेतला, पोच मागितली तर साहेब बाहेर गेलेत. न झालेल्या कामाचे, न बसवलेल्या पार्टचे पैसे घेणं ही फसवणूक नसेल तर फसवणूक कशाला म्हणायचं? बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकला, व्यवहार वैध. क्यूआर कोड ज्याच्या नावाचा होता त्याचं कोणालाच काही पडलेलं नाही. उद्या तोच बाइकवाला त्याच वळणावर उभा असणार, आणि हे सगळ्यांना माहीत आहे.

काटा चढू लागला की आधी एसी बंद करा आणि हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर जोरात. जीव उकडेल, पण इंजिनची उष्णता आत ओढली जाते. तरी काटा लालवर गेला तर थांबून इंजिन बंद. झाकणाला अर्धा-पाऊण तास हात लावू नका, गरम इंजिनवर गार पाणी ओतू नका, हेड त्यानेच वाकतं. चढावर किंवा ट्रॅफिकमध्ये तापते आणि मोकळ्या रस्त्यावर काटा खाली येतो, तर पहिला संशय फॅनवर. वेगात तापत असेल तर थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह), चोंदलेला रेडिएटर, वॉटर पंप. फॅन तपासायला इंजिन चालू ठेवून एसी लावा, बहुतेक गाड्यांत फॅन लगेच फिरला पाहिजे. नाही फिरला तर फ्यूज बघा. मग फॅनच्या रिलेच्या जागी हॉर्नचा किंवा दुसरा, तोच नंबर आणि तेवढ्याच पिनांचा रिले लावून बघा. फॅन फिरला तर हॉर्नशिवाय, जपून, जवळच्या माहितीच्या मिस्त्रीपर्यंत गाडी नेता येते.

राष्ट्रीय महामार्गावर क्रेनसाठी 1033 ला फोन करा, आपणहून आलेल्याला दोरी लावू देऊ नका. इंजिन उघडायचं म्हणाला तर उघडलेल्या हेडचा फोटो मागा. जुने पार्ट डिकीत घालूनच निघा.

आणि बिल नाही म्हणून गप्प बसू नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे करता येते, 5 लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षांची. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. वहीचं पान, पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट, गंजलेल्या नटांचे आणि रंगवलेल्या रेडिएटरचे फोटो, मिस्त्रीचं लेखी मत, एवढं आम्ही जोडलं आहे. खंबाटकीच्या आसपास कुणी असंच पान घेऊन परतलं असेल तर गाडीचं काम करून घेण्याआधी फोटो काढून ठेवा. नट एकदा सुटले की पुरावा गेला.