स्वयंपाकाला बीड, म्हणजे ओतीव लोखंडाचं भांडं, घ्यावं की स्टीलचं?

दोन्ही मी बरीच वर्षं वापरली आहेत. वजन, किंमत वगैरे बाजूला ठेवतो. ते हातात घेतलं की कळतंच.

बिडाची कढई जमली की तिला तोड नाही, हे आधीच कबूल करतो. तापली की गार भाजी टाकली तरी ती चटकन थंडावत नाही, त्यामुळे भाजी आपल्याच पाण्यात शिजत न बसता खरपूस होते. रंग आणि खमंग वास देणारी मायार अभिक्रिया वेग घेते ती साधारण 140 अंश सेल्सिअसच्या पुढे, आणि ओला पृष्ठभाग 100च्या वर चढतच नाही. इथे माझी स्टीलची कढई मागे पडते.

पण आंबटाचं काय? बिडावरचं काळं कवच म्हणजे तापून एकमेकांत गुंफले गेलेले तेलाचे रेणू. महिनाभर तेल चोळून, तापवून मी ते धरवलं होतं. एका संध्याकाळी त्यात टोमॅटोचा रस्सा तासभर रटरटला. कवच ठिकठिकाणी सुटलं, खालचं लोखंड आम्लात उतरलं, रस्सा काळपट झाला आणि जिभेवर नाणं ठेवल्यासारखी चव आली. लोखंड पोटात गेलं तर बिघडत नाही म्हणा, पण तो रस्सा कोणी पुन्हा वाढून घेतला नाही. तेव्हापासून लिंबू पिळतानाही हात अडखळायचा.

स्टेनलेस स्टीलमध्ये किमान 10.5 टक्के क्रोमियम असतं. हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून त्याचा काही नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा बनतो. चरा पडला तर तो आपला आपण भरून येतो. व्हिनेगर, चिंच, काहीही चालतं. फक्त गार पाण्यात मीठ टाकून ठेवू नका. मिठातल्या क्लोराइडमुळे तळाला बारीक खड्डे पडतात. माझ्या कढईला आहेत.

चिकटतं, हे खरं. त्यावर पाण्याचा थेंब टाकून बघावा. तो मोत्यासारखा पळू लागला की तेल घालायचं; थेंबाखाली वाफेची गादी तयार होते, हे लायडेनफ्रॉस्ट या जर्मन डॉक्टरने 1756 मध्येच लिहून ठेवलंय. स्टील उष्णता मात्र बिडापेक्षाही वाईट वाहून नेतं, म्हणून मधे ॲल्युमिनियमचा थर असलेलं भांडं घेतलेलं बरं.

अंडी, पोळे सतत करणार असाल तर कदाचित बीडच बरं पडेल. मी ते त्यापुरतंच काढतो. बाकी रोज स्टील, आणि तळाला लागलेली खरपुडी टोमॅटोच्या रसानेच सोडवून रश्श्यात ढवळतो.